सात हरीतकी आणि आजचा हिरडा : एका वृक्षाच्या प्रादेशिक भेदांचा विचार

त्रिफळा, अभयारिष्ट, अगस्त्यहरीतकी, गंधर्वहरीतकी, पथ्यादि क्वाथ ही नावे ज्याच्या लेखणीतून आठवड्यातून एकदाही उतरत नाहीत, असा चिकित्सक महाराष्ट्रात विरळाच. हरीतकी हे आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्य आहे आणि नित्य व्यवहारातील द्रव्याकडेच आपले लक्ष सर्वांत कमी जाते. औषधी द्रव्यांच्या दुकानात हिरडा मागितला, तर व्यापारी दोनच प्रश्न विचारतो. बाळहिरडा हवा की सुरवारी? आणि किती किलो? हा हिरडा कोणत्या डोंगरावरचा, हा प्रश्न तो विचारीत नाही आणि आपणही विचारीत नाही.

वस्तुतः हाच प्रश्न आपल्या निघंटुकारांनी सर्वांत आधी विचारला होता. एका हरीतकीचे सात भेद सांगताना त्यांनी फळाचे रूप, त्याचा प्रयोग आणि त्याचे स्थान अशा तीन गोष्टींची सांगड घातली. आधुनिक वनस्पतिशास्त्रात ज्याला एकाच जातीच्या प्रादेशिक समूहांतील विविधता म्हणतात, तिचीच ही जुनी नोंद आहे, असे आमचे मत आहे. त्या नोंदीचा अर्थ कसा लावावा, तिचा आजच्या औषधनिर्मितीशी संबंध काय आणि ही विविधता आपल्या डोळ्यांदेखत कशी क्षीण होत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निघंटूंतील सात भेद

चरकसंहितेत हरीतकीचे गुणकर्म विस्ताराने येते, परंतु सात भेदांची मांडणी तेथे नाही. ती निघंटुपरंपरेतील आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी भावप्रकाशाच्या निघंटुभागाचा आरंभच हरीतक्यादि वर्गाने केला आणि त्यात विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती व चेतकी हे सात भेद दिले. विजया तुंबीच्या आकाराची, रोहिणी वाटोळी, पूतना बारीक पण मोठ्या अष्ठीची, अमृता मांसल, अभया पाच रेषांची, जीवंती सोनेरी वर्णाची आणि चेतकी तीन रेषांची, असे त्यांचे रूपवर्णन आहे.

या वर्णनापाठोपाठ प्रयोग येतो. विजया व जीवंती सर्व रोगांत, रोहिणी व्रणरोपणासाठी, पूतना लेपासाठी, अमृता शोधनासाठी, अभया नेत्ररोगांत आणि चेतकी चूर्णासाठी प्रशस्त मानली आहे. रूप आणि प्रयोग यांची ही जोडी यादृच्छिक नाही. हरीतकीच्या फळात लवण वगळता पाच रस सांगितले आहेत आणि ते फळाच्या निरनिराळ्या भागांत वाटून दिले आहेत. मज्जेत मधुर, तंतूंत अम्ल, देठात तिक्त, सालीत कटु आणि अष्ठीत कषाय. ज्या फळात अष्ठी मोठी व गर अत्यल्प, त्याची योजना पोटात देण्याऐवजी बाह्य लेपासाठी केली. ज्यात गर भरपूर, ते शोधनासाठी निवडले. गर आणि अष्ठी यांचे प्रमाण हा आज फळपिकांच्या निवडीतील एक प्रमुख निकष आहे. त्याच निकषावर पूतना आणि अमृता ही दोन टोके निघंटुकारांनी वेगळी काढली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्गीकरणामागील निरीक्षणाची सूक्ष्मता पटते.

तिबेटी वैद्यकानेही हरीतकीचे अनेक भेद मानले आहेत, आणि त्यांतील श्रेष्ठ भेदाच्या तिबेटी नावाचा अर्थ 'विजया' असाच होतो. म्हणजे हा विचार एखाद्या ग्रंथकाराच्या कल्पनेपुरता मर्यादित नव्हता. हिमालयाच्या दोन्ही अंगांस तो वैद्यांच्या व्यवहारात होता.

स्थाननामांचा अर्थ

राजनिघंटूच्या परंपरेत या भेदांची स्थाने दिली आहेत. विजया विंध्याद्रीवर, चेतकी हिमाचलात, पूतना सिंधुदेशात, अमृता व अभया चंपा येथे, जीवंती सुराष्ट्रात, असा तो निर्देश आहे. रोहिणीच्या बाबतीत मात्र पाठ व अर्थ यांविषयी मतभेद आहेत. 'प्रतिस्थानक' या शब्दाचा अर्थ कोणी 'सर्वत्र' असा करतात, तर कोणी तेथे प्रतिष्ठान हे नगर पाहतात. प्रतिष्ठान म्हणजे गोदाकाठचे आपले पैठण, असा अर्थ घेतल्यास महाराष्ट्रीय वैद्याला साहजिकच आनंद होतो. परंतु तेथे एक अडचण उभी राहते. पैठणचा परिसर कोरडा, सपाट आणि काळ्या मातीचा आहे. हिरड्याचे रान तेथे कोठून असणार?

या अडचणीकडे आम्ही थोड्या निराळ्या दृष्टीने पाहतो. स्थाननाम हे नेहमी उगमाचेच असते असे नाही. ते बाजाराचेही असू शकते. याचा पुरावा फार जुन्या काळात शोधण्याची गरज नाही. इंग्रजी अमदानीत हिरडा कातडी कमावण्यासाठी परदेशी मोठ्या प्रमाणावर जात असे. त्या व्यापारात हिरड्याच्या प्रती ठिकाणांच्या नावांनी ओळखल्या जात. आंध्र किनाऱ्यावरील भिमुनीपट्टणम् बंदराच्या नावाने 'बिमली', जबलपूरच्या नावाने 'जबलपुरी', तसेच 'राजपुरी' आणि आपल्या कोकणातील वेंगुर्ल्याच्या नावाने 'वेंगुर्ला'. वेंगुर्ला हे बंदर होते. हिरडा वाढे तो घाटमाथ्यावर. नाव मात्र तो जेथून जहाजात चढे त्या गावाचे पडले.

पैठण हे सातवाहनांच्या काळातील थोर व्यापारी नगर होते आणि तेथून जुन्नर व नाणेघाटमार्गे कोकणातील बंदरांकडे जाणारा मार्ग इतिहासप्रसिद्ध आहे. जुन्नरच्या पश्चिमेचे डोंगर आजही हिरड्यासाठी ओळखले जातात. म्हणून रोहिणी जर खरोखरच प्रतिष्ठानची असेल, तर ती पैठणच्या पेठेत उतरणारी सह्याद्रीची हरीतकी असू शकेल. हा आमचा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. त्यातून एवढेच घ्यावे की प्राचीन स्थाननाम हातात घेऊन आजच्या नकाशावर थेट बोट ठेवणे धोक्याचे आहे. सात नावांची सात आधुनिक जिल्ह्यांशी जुळणी करण्याचा उत्साह अधूनमधून दिसतो; तो आवरलेला बरा.

बाजारातील भेद हे वयाचे भेद

आजच्या बाजारातील भेद मात्र वेगळ्याच तत्त्वावर उभे आहेत. अष्ठी धरण्यापूर्वीच गळालेले किंवा तोडलेले, वाळून काळे पडलेले छोटे फळ म्हणजे बाळहिरडा. उत्तरेत त्यालाच जंगी हरडे किंवा छोटी हरड म्हणतात. अर्धपक्व, पिवळसर फळ म्हणजे पिवळी हरडे. पूर्ण वाढलेले, गरदार फळ म्हणजे सुरवारी किंवा काबुली हरडे. हे तिन्ही एकाच झाडावरून, एकाच वर्षी मिळू शकतात. ते फळाच्या वयाचे भेद आहेत, वृक्षाच्या कुळाचे नव्हेत.

काही लेखनात या बाजारी भेदांची सात हरीतकींशी सरमिसळ झालेली आढळते. पिवळी हरडे म्हणजे जीवंती, काळी म्हणजे कृष्णा चेतकी, अशी समीकरणे मांडली जातात. ती स्वीकारण्यापूर्वी एक साधी कसोटी लावावी. ज्या झाडाचे फळ लहानपणी काळे व पक्वावस्थेत पिवळे होते, त्या एकाच झाडाला दोन भेदांची नावे देता येतील काय? येत नसतील, तर वर्ण हा एकटा निकष अपुरा आहे.

रेषांविषयीही हीच सावधगिरी हवी. वाळलेल्या पक्व हिरड्यावर सामान्यतः पाच-सहा ठळक उभ्या कडा दिसतात. परंतु ताज्या गुळगुळीत फळावर त्या अस्पष्ट असतात; वाळताना गर आकसला की उठून दिसतात. फळ कोवळे तोडले, उन्हात वाळवले की सावलीत, यावरही त्यांची ठळकता अवलंबून राहते. म्हणून एका पोत्यातून पाच रेषांचे फळ निवडून 'ही अभया' असे म्हणता येणार नाही. पाच रेषांची फळे देणारे झाड आणि तशा झाडांचे रान सापडले, तर मात्र तो निकष अर्थपूर्ण होईल. भेद फळाचा नसून समूहाचा आहे, हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे.

वृक्षाचे वर्तमान रूप

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हिरडा म्हणजे टर्मिनॅलिया चेबुला, कॉम्ब्रेटेसी कुळातील पानझडी वृक्ष. बेहडा आणि अर्जुन हे त्याचे सगोत्र. हिमालयाच्या पायथ्याची टेकाडे, विंध्य-सातपुडा, छत्तीसगड व ओडिशाची जंगले, पूर्वघाट आणि सह्याद्री असा त्याचा विस्तीर्ण प्रदेश आहे. जबलपूर-मंडल्याच्या साल व मिश्र वनांतही तो आहे आणि महाबळेश्वरच्या धुकट माथ्यावरही आहे. पाऊस, उंची, माती यांच्या इतक्या भिन्न परिस्थितींत वाढणारा वृक्ष सर्वत्र एकसारखा राहील, ही अपेक्षाच अस्वाभाविक आहे.

त्याच्या रूपात प्रत्यक्षात पुष्कळ भेद आढळतो. काही ठिकाणच्या झाडांची कोवळी पालवी जवळजवळ गुळगुळीत असते, तर काहींच्या कोवळ्या पानांवर व फांद्यांवर रुपेरी ते तांबूस लव असते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या लवदार रूपाला 'टोमेंटेला' असे पोटभेदाचे नाव दिले आहे. फळ कोठे लांबट, कोठे अंडाकृती, कोठे जवळजवळ गोल. ईशान्येकडील जे लांबट फळाचे झाड पूर्वी हिरड्याचाच पोटभेद समजले जाई, त्याला आज टर्मिनॅलिया सिट्रिना अशी स्वतंत्र जाती मानतात. आंध्रातील शेषाचलमच्या डोंगरांत टर्मिनॅलिया पॅलिडा ही केवळ त्या भागातच आढळणारी जाती आहे. म्हणजे 'हरीतकीचे भेद' या शब्दाखाली काही ठिकाणी एकाच जातीतील समूह, तर काही ठिकाणी प्रत्यक्ष निराळ्या जाती येतात. या दोहोंची गल्लत होता कामा नये. पहिल्याने गुणांत तारतम्य येते, दुसऱ्याने द्रव्यच बदलते.

देश की बीज?

येथे मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. महाबळेश्वरचा हिरडा आणि मंडल्याचा हिरडा भिन्न दिसले, तर ते भूमीमुळे की बीजामुळे? आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा भेद देशाचा की बीजभागाचा? चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी जांगल, आनूप व साधारण देशांचे वर्णन करून औषधिग्रहणासाठी योग्य भूमी सांगितली आहे, आणि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही भूमिपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. भूमीचा प्रभाव आपल्याला नवा नाही. परंतु भूमी बदलल्यावर जो भेद नाहीसा होतो तो भूमीचा, आणि भूमी बदलूनही जो टिकतो तो बीजाचा, हा विवेक केवळ पाहून करता येत नाही.

तो करण्याची पद्धत साधी असली तरी वेळखाऊ आहे. निरनिराळ्या डोंगरांवरील बी आणून एकाच शेतात, एकाच मातीत, एकाच पाण्यावर रोपे वाढवावयाची. ती फळावर आल्यावर जे भेद उरतील ते जनुकीय, जे मावळतील ते परिस्थितिजन्य. हिरड्यासारख्या वृक्षास फळावर येण्यास बरीच वर्षे लागतात, म्हणून असे प्रयोग चिकाटीने चालवावे लागतात. उलट अंगानेही पाहता येते. एकाच निवडक झाडाची कलमे भिन्न भूमींत लावली व त्यांची फळे भिन्न आली, तर तो भेद निःसंशय भूमीचा ठरतो, कारण कलमात बीज बदलत नाही.

डीएनए तपासणीच्या पद्धतींनी या कामाला आता वेग दिला आहे. झाडाच्या पानाचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे अन्य झाडांशी नाते किती जवळचे आहे, हे या पद्धती सांगतात. हिरड्याची फुले कीटकांमार्फत परपरागित होत असल्याने एकाच रानातील दोन शेजारच्या झाडांतही बराच भेद असू शकतो. हा भेद रानांतर्गत किती आणि रानारानांमध्ये किती, याचा अंदाज यातून घेता येतो. शिवाय टर्मिनॅलिया वंशात गुणसूत्रांची मूळ संख्या १२ असून त्यात द्विगुणित तसेच बहुगुणित झाडे नोंदलेली आहेत. गुणसूत्रसंख्या वाढली की पान, फूल, फळ यांच्या आकारातही फरक पडू शकतो, म्हणून मोठ्या फळाचे कारण शोधताना तिकडेही पाहावे लागते.

मात्र एक मर्यादा स्पष्ट ओळखली पाहिजे. नात्याची तपासणी ही गुणांची तपासणी नव्हे. या कामात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक खुणा जनुकसंचातील अशा जागी असतात की ज्यांचा फळातील रसायनांशी प्रत्यक्ष संबंध नसतो. दोन समूह डीएनएने दूरचे असूनही त्यांचा गुण सारखा असू शकतो आणि अगदी जवळच्या समूहांतही चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल, गॅलिक आम्ल, कोरिलॅजिन यांची प्रमाणे भिन्न असू शकतात. म्हणून जनुकीय नाते, रासायनिक घटक आणि रुग्णावरील कार्य ही तीन निरीक्षणे स्वतंत्रपणे करून मगच एकत्र मांडावी लागतील. पहिली दोन प्रयोगशाळेची आहेत. तिसरे मात्र आपल्यावाचून कोणी करणार नाही.

औषधशाळेतील प्रश्न

हा सारा विचार केवळ विद्वत्तेचा नाही, हे दाखविण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. अगस्त्यहरीतकी व दशमूलहरीतकी या कल्पांत हरीतकी वजनाने न घेता संख्येने घेतली आहे : १०० फळे. गूळ मात्र एक तुला, म्हणजे ठरलेल्या वजनाचा. आता एका रानातील वाळलेले फळ सरासरी ५ ग्रॅमचे आणि दुसऱ्या रानातील १० ग्रॅमचे असेल, तर १०० फळांचे वजन पहिल्या ठिकाणी अर्धा किलो व दुसऱ्या ठिकाणी एक किलो होईल. गूळ तेवढाच राहिल्याने रुग्णाच्या चमच्यात येणारी हरीतकी जवळजवळ दुप्पट किंवा निम्मी होईल. पाठ तोच, कृती तीच, द्रव्य शुद्ध, आणि तरीही औषध निराळे! याला भेसळ म्हणता येत नाही, वैद्याचा दोषही म्हणता येत नाही. समूहभेद दुर्लक्षित राहिल्याचा तो परिणाम आहे.

उत्तम हरीतकीची शास्त्रोक्त लक्षणे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. नवी, स्निग्ध, घन, वाटोळी, जड आणि पाण्यात टाकली असता बुडणारी. एकेक फळ दोन कर्षांचे असावे, असेही सांगितले आहे. आजच्या प्रचलित मानाने कर्ष म्हणजे १२ ग्रॅम, तेव्हा हे फळ २४ ग्रॅमचे झाले. सामान्य बाजारात येणाऱ्या वाळलेल्या हिरड्यांत असे फळ आमच्या पाहण्यात क्वचितच आले. हे मान ताज्या फळाचे की वाळलेल्या, हा विचार बाजूला ठेवला, तरी ग्रंथकारांसमोरचे आदर्श फळ आणि आपल्या खलात पडणारे फळ यांत अंतर आहे, एवढे मान्य करावे लागते.

आयुर्वेदिक फार्माकोपियाने हरीतकी म्हणजे टर्मिनॅलिया चेबुलाच्या पक्व फळाची साल-गर, अष्ठीविरहित, अशी व्याख्या केली आहे. प्रमाणीकरणाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते आणि त्यामुळे निराळ्या जातीचे फळ मिसळणे कठीण झाले. परंतु हे मानक 'हा हिरडा आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर देते. 'हा कोठला हिरडा आहे?' हे विचारीत नाही. त्या व्याख्येत बाळहिरडाही बसत नाही, आणि आपल्याकडे गंधर्वहरीतकीसाठी एरंडस्नेहात भाजून घेतला जातो तो बहुधा बाळहिरडाच. म्हणजे महाराष्ट्रातील एका अत्यंत रूढ कल्पाचे मुख्य द्रव्य मानकाच्या चौकटीबाहेर राहिले आहे.

आमच्या औषधशाळेत निरनिराळ्या ठिकाणांहून येणारा हिरडा आम्ही काही काळापासून एकत्र न करता वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो. चूर्णाचा वर्ण, तुरटपणाची तीव्रता, चाळणीवर उरणारा तंतुमय भाग यांत डब्याडब्यांत फरक पडतो, हे डोळ्यांना व जिभेला कळते. नेहमीच्या मात्रेने ज्यांचे कोष्ठ सुखाने साफ होते अशा रुग्णांनी, डबा बदलल्यावर 'या वेळचे चूर्ण सौम्य आहे' किंवा 'या वेळी पोटात मुरडा येतो' असे सांगितल्याचेही अनुभव आहेत. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही; कोष्ठभेद, ऋतु, आहार, चूर्णाचे वय ही सारी कारणे तेथे असतात. परंतु हिरडा एकाच पोत्यात मिसळला असता, तर हा प्रश्नही आमच्या मनात आला नसता.

रान हातचे जात आहे

जी विविधता अजून नीट मोजलीही गेलेली नाही, ती टिकून राहील काय, हा यापुढचा व अधिक गंभीर प्रश्न आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा करणे हे महादेव कोळी व अन्य आदिवासी कुटुंबांच्या उपजीविकेचे एक महत्त्वाचे साधन आहे. पावसाळ्यापूर्वी हाती येणारा हा पैसा खरिपाच्या बी-बियाण्याला उपयोगी पडतो. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यात हिरड्याचे मोठे नुकसान केले. पिकाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून येऊ शकते. उन्मळून पडलेला जुना वृक्ष मात्र परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचा बीजगुणही जातो.

वादळ हा अपघात झाला. त्याहून संथ आणि दरवर्षीची हानी बाळहिरड्याच्या मागणीतून होते. अष्ठी धरण्यापूर्वी तोडलेल्या फळात बी नसते. झाडावरील बहुतांश फळ कोवळेपणीच उतरवले, तर जमिनीवर पडायला पक्व फळ उरत नाही. जे उरते त्याचे कवच कठीण, उगवण मंद, आणि उगवलेल्या रोपावर गुरे, वणवे यांचे संकट. परिणामी रानात जुने वृक्ष दिसतात, पण त्यांच्या खाली नवी पिढी अभावानेच आढळते. अशा रानाकडे दुरून पाहिले तर ते हिरवेगार वाटते. वस्तुतः तो निपुत्रिकांचा गाव असतो. यासाठी गोळा करणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. बाळहिरड्याला भाव आहे व तो लवकर हाती येतो, पक्व हिरड्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. आणि बाळहिरड्याची मागणी करणाऱ्यांत आपणही आहोत.

लागवड हा त्यावर उपाय खरा, पण त्यातही एक मेख आहे. हिमाचल प्रदेशात मोठ्या फळांच्या निवडक झाडांवरून कलमे करून लवकर फळणारा हिरडा शेतकऱ्यांना देण्याचे काम झाले आहे. ते स्वागतार्हच आहे. परंतु सर्वत्र एकाच निवडीची कलमे पसरली, तर फळ मोठे मिळेल आणि विविधता मात्र बोटावर मोजण्याइतकी उरेल. आंब्याच्या बाबतीत हापूसच्या कलमांमागे किती रायवळ आंबे गेले, हे कोकणात कोणालाही विचारावे. शिवाय मोठे फळ हेच उत्तम औषध, हे गृहीतकही तपासलेले नाही. निघंटुकारांनी बारीक फळाच्या पूतनेलाही तिचे काम नेमून दिले होते. टाकून दिले नव्हते.

आपण काय करू शकतो

मोठे प्रकल्प संस्था करतील. आपल्या संघटनेच्या सभासदांनी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांस फारसा खर्च नाही.

पहिली गोष्ट, हिरडा घेताना स्थान विचारावे व ते बरणीवर लिहावे : तालुका, शक्य तर डोंगर, आणि गोळा केल्याचा महिना. व्यापाऱ्यास प्रथम हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. दहा वैद्यांनी विचारला की त्याचे उत्तर तयार असेल.

दुसरी गोष्ट, प्रत्येक खेपेतील कोणतीही १०० फळे न निवडता मोजून घ्यावीत व वजन करावे. त्यांतील २० फळे फोडून गर व अष्ठी वेगवेगळी तोलावीत. पाण्यात किती बुडतात व किती तरंगतात, कडा किती, आतील गराचा वर्ण कोणता, प्रथम जाणवणारा रस कोणता, हे टिपून ठेवावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे. शंभर वैद्यांनी तीन वर्षे केले, तर महाराष्ट्रातील हिरड्याचा असा नकाशा तयार होईल, जो आज आपल्या हाती नाही.

तिसरी गोष्ट, संख्येने सांगितलेल्या कल्पांत फळांची संख्या व वजन दोन्ही नोंदवावे आणि रुग्णाकडून येणारा अनुभव त्या खेपेशी जोडून ठेवावा.

चौथी गोष्ट, बाळहिरड्याची मागणी खरोखर जेथे आवश्यक आहे तेथेच ठेवावी. पक्व हिरड्याला योग्य मोल देणारे ग्राहक आपण झालो, तर काही झाडे तरी बी धरण्यासाठी राखली जातील. केंद्र शासनाच्या २०१३-१४ पासूनच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत हिरड्याचा समावेश आहे. परंतु दर वनोपजाच्या नावावर ठरतो, स्थानाला त्यात मोल नाही. स्थानाला मोल वैद्यच देऊ शकेल.

पाचवी गोष्ट, रान राखणाऱ्यांशी संबंध ठेवावा. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजांवर ग्रामसमूहांचे अधिकार मान्य केले आहेत आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या ठेवण्याची तरतूद आहे. कोणत्या झाडाचा हिरडा मोठा, कोणत्या झाडाचा कडवट, कोणते झाड एक वर्षाआड फळते, हे त्या गावांतील वृद्ध स्त्रीपुरुषांना ठाऊक असते. शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक वनस्पतींची नावे व रूपे जाणतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मान्य केले आहे. नाम व रूप त्यांच्याकडून घ्यावे आणि योजना आपण जाणावी, अशी ती कार्यविभागणी आहे. या विभागणीतील आपला वाटा आपण चालवीत आहोत. त्यांच्याकडे जाण्याची वाट मात्र आपण सोडली आहे.

सात हरीतकींपैकी आज किती जिवंत आहेत, याचे उत्तर ग्रंथ उघडून मिळणार नाही. विंध्यावर, सह्याद्रीवर, हिमालयाच्या पायथ्याशी जी झाडे अजून उभी आहेत, त्यांच्याकडे जाऊनच ते शोधावे लागेल. या वर्षीचा पक्व हिरडा दिवाळीनंतर बाजारात येऊ लागेल. खरेदीच्या वेळी बरणीवर लिहावयाची चिठ्ठी आताच तयार करून ठेवावी आणि नोंदी पुढील वर्षाच्या पहिल्या अंकापूर्वी संपादकांकडे पाठवाव्यात, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींस आमची विनंती आहे.